छपाईतून वेबकडे: एका संग्रहालयाच्या साइटसाठी चित्रं तयार करायला शिकताना

पार्श्वभूमी

एका छोट्या निसर्ग संग्रहालयाने आपला संग्रह साइटवर आणायचं ठरवलं, तेव्हाचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. संग्रह मुख्यतः कीटकांचा होता: टाचणीला लावून जपलेली फुलपाखरं, पतंग, भुंगेरे. त्यांचे फोटो, जुन्या अभ्यासकांनी शाईने काढलेली रेखाचित्रं, जीवनचक्राच्या आकृत्या, कोणती प्रजाती कुठे आढळते ते दाखवणारे नकाशे आणि व्याख्यानांच्या सूचना, असा सगळा ऐवज साइटवर जायचा होता.

चित्रं तयार करण्याचं काम ज्या डिझायनरकडे आलं, ती छपाईच्या कामात मुरलेली होती. पुस्तकं, माहितीपत्रकं, भित्तिपत्रकं तिने वर्षानुवर्षं केली होती. रंगाची नजर तयार, रेषेची जाण उत्तम. वेबसाठी मात्र तिने कधी काम केलं नव्हतं. साइट बांधणारा प्रोग्रामर वेगळा होता आणि संग्रहाबद्दलचा शेवटचा शब्द अभिरक्षकांचा होता. डिझायनरला वेबच्या चित्रांची मूलतत्त्वं शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा चाचणी साइट उभी राहिली होती आणि तिच्यात गडबडही सुरू झाली होती.

नवशिक्याला बहुतेक वेळा फॉरमॅटची यादी पाठ करायला देतात: फोटो असेल तर जेपेग, पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर पीएनजी, लोगो असेल तर एसव्हीजी. यादी चुकीची नाही. पण तिच्यातून कामाचा क्रम कळत नाही, आणि या प्रकरणात अडलं होतं ते क्रमापाशीच.

अडचण

चाचणी साइटवरचं फुलपाखरांचं पान फोनवर उघडलं की चित्रं वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होती. पान खाली सरकवताना अडखळत होतं. मजकूर वाचायला सुरुवात करावी तोच वर एखादं चित्र उगवायचं आणि वाचत असलेली ओळ खाली ढकलली जायची. काही हिरवे भुंगेरे मळकट दिसत होते. नकाशांवरच्या लाल सीमारेषा विटल्यासारख्या, कडांना पसरलेल्या. आणि दोन फोटो चक्क आडवे झाले होते.

डिझायनरने हात लावला तो वजनाला, म्हणजे फाइलच्या केबी-एमबीला. तिला सांगितलं गेलं होतं की वेबसाठी रिझोल्यूशन ७२ डीपीआय (एका इंचात ७२ ठिपके) करायचं आणि क्वालिटी कमी करायची. तिने दोन्ही केलं. गंमत अशी की कधी ते लागू पडायचं, कधी नाही. त्यामुळे ती जास्तच गोंधळली. तीच कृती, तेच सॉफ्टवेअर, आणि निकाल मात्र दर वेळी निराळा.

कारण शोधायला आम्ही तीन फाइली शेजारी ठेवल्या. तिन्ही मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचे. पहिल्या फाइलवर ३०० डीपीआय अशी नोंद होती. ती ७२ करताना सॉफ्टवेअरमधला रिसॅम्पलचा, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलण्याचा, पर्याय चालू होता, म्हणून रुंदी ६००० वरून १४४० पिक्सेलवर आली आणि फाइल हलकी झाली. दुसरी फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरमधून आली होती आणि तिच्यावर २४० ची नोंद होती; तिची रुंदी १८०० झाली. तिसरीवर आधीपासूनच ७२ लिहिलेलं होतं. तिच्यात काहीच बदललं नाही, ६००० पिक्सेल जसेच्या तसे साइटवर गेले.

हे समोर दिसलं आणि ७२ या आकड्याचा दबदबा एका बैठकीत संपला. डीपीआयची नोंद म्हणजे छापखान्याला दिलेली सूचना: हे चित्र कागदावर किती इंचांत बसवायचं. ब्राउझर ती पाहतच नाही, तो पिक्सेल मोजतो. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते. आकडा तिथून आला आणि पडदे बदलले तरी शिकवणीत टिकून राहिला. तिच्या फाइली हलक्या झाल्या होत्या त्या पिक्सेल घटल्यामुळे, आणि ते घटणं तिच्या ताब्यात नव्हतं.

क्वालिटी कमी करण्याचीही तीच तऱ्हा. तिसरी फाइल जड राहिली म्हणून तिने तिची क्वालिटी ३० वर आणली. वजन उतरलं, पण फोनवरचं अडखळणं थांबलं नाही. जेपेगची फाइल डिस्कवर कितीही छोटी असली तरी दाखवण्यासाठी ती उलगडावी लागते. पूर्ण आकारात उलगडली तर दर पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने ६००० बाय ४००० चा फोटो ९६ एमबी मेमरी घेतो. असे दहाबारा फोटो एका पानावर. क्वालिटीचा काटा कितीही खाली आणला तरी हा आकडा हलत नाही, कारण पिक्सेल तेवढेच राहतात.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय प्रोग्रामरने सुचवला: मूळ फाइली जशाच्या तशा चढवा, सर्व्हरवर एक सेवा बसवू, ती आपोआप लहान करेल आणि फॉरमॅट बदलेल. मोठ्या साइटवर हेच करतात आणि ते योग्यही आहे. पण इथे ते पहिलं पाऊल म्हणून घेतलं असतं, तर नकाशे आणि रेखाचित्रंही फोटोंच्याच गिरणीतून गेली असती. शिवाय चित्र खराब का दिसतं हे सांगू शकणारं माणूस संस्थेत तयार झालं नसतं.

दुसरा पर्याय डिझायनरच्या मनात होता: सगळ्यांसाठी एकच कृती. सगळं १४४० पिक्सेल रुंद, सगळं जेपेग, क्वालिटी ७०. लक्षात ठेवायला सोपं, आणि सध्याच्या स्थितीपेक्षा नक्कीच बरं.

तिसरा पर्याय जरा आडवळणाचा होता, तरी आम्ही त्यावर बोललो. चित्राचे पिक्सेल गरजेच्या दुप्पट ठेवायचे आणि क्वालिटी खूप खाली आणायची. दाट पडद्यावर दोष बारीक होऊन नजरेआड जातात आणि फाइल हलकी राहते. एके काळी ही युक्ती वापरली जायची. मेमरीचा भार मात्र चौपट होतो, आणि आमचं मूळ दुखणं तेच होतं. म्हणून ती बाजूला ठेवली.

चौथा पर्याय: आधी चित्रांची प्रकारवार विभागणी करायची, प्रत्येक प्रकारातलं एकच चित्र हाताने शेवटपर्यंत न्यायचं, दोष दिसला तर कारणापर्यंत जायचं, आणि कृती पक्की झाल्यावर उरलेलं काम यंत्रावर सोपवायचं. वेळ जास्त लागणार होता. उद्घाटनाची तारीख जवळ असल्याने अभिरक्षकांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. शेवटी तडजोड झाली: उद्घाटनाला सगळा संग्रह न आणता त्यातला एक विभाग नीट आणायचा. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि त्यात तंत्राचा भाग जवळजवळ नव्हता.

काय केलं

सुरुवात मोजमापाने. डिझायनरला कागदाची मापं तोंडपाठ असायची, तशी पानाची मापं प्रोग्रामरकडून मागून घेतली. मजकुराचा मुख्य रकाना जास्तीत जास्त ७२० पिक्सेल रुंद. हे पिक्सेल साइटच्या आखणीतले. दाट पडद्यावर आखणीचा एक पिक्सेल प्रत्यक्षात दोन किंवा तीन पिक्सेलांच्या रुंदीत रंगवला जातो. म्हणून ७२० च्या रकान्याला दुप्पट घनतेच्या लॅपटॉपवर १४४० लागतात, आणि ३६० रुंदीच्या फोनवर घनता तिप्पट असेल तर १०८०. त्यावरून प्रत्येक फोटोच्या ४८०, ९६० आणि १४४० अशा तीन रुंदी ठरल्या. तिप्पट घनतेच्या फोनवर नेमके १०८० हवेत का, यावर थोडी घासाघीस झाली. आम्ही ९६० आणि १४४० शेजारी दोन फोनवर धरून पाहिले आणि चौथी आवृत्ती करायची नाही असं ठरलं.

फोटो १४४० वर आणला की पूर्ण उलगडूनही साडेपाच एमबीच मेमरी घेतो. पानाचं अडखळणं इथेच थांबलं, अजून क्वालिटीला हातही लावला नव्हता.

दुसरं काम वर्गवारीचं. डिझायनरने सगळ्या फाइली एका मोठ्या टेबलावर मांडाव्यात तशा पडद्यावर पसरल्या आणि ढीग केले. फोटो, म्हणजे जिथे रंग हळूहळू बदलतात. नकाशे, म्हणजे मोजके सपाट रंग आणि धारदार कडा. आकृत्या, ज्या तिने स्वतःच व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या गणिती वर्णनात, काढल्या होत्या. शाईची रेखाचित्रं, जी स्कॅन केलेली होती. आणि सूचना, ज्या खरं तर मजकूर होत्या. पाच ढीग झाल्यावर फॉरमॅटचा प्रश्न बराचसा आपोआप सुटला.

नकाशांच्या लाल रेषा का पसरल्या, हे तिला मनापासून जाणून घ्यायचं होतं. १९९२ च्या प्रमाणकातलं जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार टाकून देतं. फोटोत ते खपतं. पांढऱ्यावर काढलेली बारीक रेष म्हणजे मात्र सगळा चढउतारच. तिच्याभोवती राखाडी पिसारा उठतो. त्यावर आणखी एक गोष्ट होते. आपला डोळा उजेडातला फरक जितका बारीक टिपतो तितका रंगातला टिपत नाही, याचा फायदा घेऊन बहुतेक वेळा रंगाची माहिती उभीआडवी अर्धीच साठवली जाते. पातळ लाल रेषेत सगळी ओळख रंगाचीच असते, म्हणून ती सगळ्यात आधी विटते. नेहमीच्या, माहिती गाळणाऱ्या वेबपी या नव्या फॉरमॅटमध्येही रंग असाच अर्धा होतो, त्यामुळे फॉरमॅट नवा घेतला म्हणून नकाशा वाचला नसता.

नकाशे पीएनजीत गेले. पीएनजीत माहिती गाळली जात नाही, आणि मोजके रंग असतील तर २५६ रंगांच्या पॅलेटमध्ये चित्र बसवता येतं. आमच्या नकाशात रंग विसाच्या आत होते. उरलेल्या छटा कडा मऊ करण्यापुरत्या. फाइल आधीच्या जेपेगपेक्षा लहान झाली आणि रेषा कोरल्यासारखी दिसू लागली. लाल रेषा आधी पाहिलेल्या अभिरक्षकांना हा बदल न सांगता दिसला.

आकृत्यांच्या बाबतीत गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. जीवनचक्राच्या आकृत्या मुळात व्हेक्टर होत्या. छपाईच्या सवयीने ती त्या ३०० डीपीआयच्या जेपेगमध्ये काढून देत होती. एसव्हीजीत त्या कितीही मोठ्या केल्या तरी धारदार राहतात, हे तिला लगेच पटलं. पहिल्या आकृतीचं वजन मात्र अवाच्या सवा निघालं. फाइल मजकुराच्या संपादकात उघडून पाहिली तर आत अंड्याचा एक फोटो अक्षरांच्या रूपात कोंबलेला सापडला. बेस६४ पद्धतीने असा फोटो भरला की तो मूळ वजनापेक्षा तिसऱ्या हिश्शाने वाढतो. फोटोच्या जागी साधं रेखाटन घातल्यावर फाइल काही केबींवर आली.

मग अक्षरांचा प्रश्न. आकृतीतली 'अंडी', 'अळी', 'कोष', 'प्रौढ' ही नावं तिच्या संगणकावर तिच्या फाँटमध्ये झकास दिसत होती, दुसरीकडे भलत्याच फाँटमध्ये. एसव्हीजी साध्या इमेज टॅगमधून (पानाच्या कोडमध्ये चित्र लावणाऱ्या खुणेतून) लावली तर ती बाहेरचा फाँट आणू शकत नाही. दोन वाटा होत्या. अक्षरांचे आकार करून टाकायचे, म्हणजे दिसणं पक्कं, पण मजकूर म्हणून ती अक्षरं संपली: शोधता येणार नाहीत, दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर ती वाचणार नाही. किंवा एसव्हीजी थेट पानाच्या कोडमध्ये लिहायची आणि अक्षरांना साइटचाच फाँट लावायचा. छोट्या आकृत्यांसाठी पहिली वाट घेतली आणि खाली तीच माहिती वाक्यांत लिहिली. मोठ्या, भरपूर नावं असलेल्या दोन आकृत्यांसाठी प्रोग्रामरने दुसरी वाट करून दिली.

शाईच्या रेखाचित्रांवर डिझायनर फिदा होती आणि तीही व्हेक्टर करावीत असं तिला वाटत होतं. एक चित्र आपोआप ट्रेस करून पाहिलं. पायांवरच्या केसांची प्रत्येक रेघ शेकडो बिंदूंची झाली, फाइल फुगली, आणि निबाचा हलका-जड दाब नाहीसा झाला. तो दाब हीच त्या चित्रकाराची ओळख होती. चित्र पुन्हा स्कॅनवरून घेतलं, कागदाचा पिवळेपणा काढला आणि १६ राखाडी छटांच्या पीएनजीत ठेवलं. शाईच्या कामाला १६ छटा पुरल्या.

इथवर सगळं शांतपणे चाललं होतं. आडवे झालेले फोटो का आडवे झाले हे पाहायला गेलो आणि वेगळंच प्रकरण हाती लागलं. कॅमेरा किंवा फोन फोटोसोबत एक्झिफ नावाची माहिती लिहितो: तारीख, लेन्स, फोटो कुठल्या बाजूने धरायचा त्याची खूण, आणि चालू असेल तर जीपीएसवरचं ठिकाण. डिझायनरने फाइल हलकी करण्यासाठी काही फोटोंतली ही सगळी माहिती पुसली होती, त्यात दिशेची खूणही गेली आणि फोटो आडवे झाले. बाकीच्या फोटोंत माहिती शाबूत होती. त्यांतले काही फोटो अभ्यासकांनी रानात काढलेले, दुर्मिळ प्रजातींचे. त्यात ठिकाण काही मीटरच्या अचूकतेने लिहिलेलं होतं आणि चाचणी साइट कुणालाही उघडता येत होती.

शिकणं तिथेच थांबवलं. दुर्मिळ कीटक गोळा करून विकणारे असतात. त्यांना नकाशा काढून दिल्यासारखंच झालं असतं. ते फोटो तेव्हाच उतरवले, नवे फोटो नव्या नावाने चढवले, म्हणजे मधल्या कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) उरलेली जुनी प्रत त्या नावाने पुन्हा समोर येणार नाही. प्रोग्रामरने कॅशे रिकामी केली आणि साइटला पासवर्ड लावला.

त्यानंतरचा निर्णय नाजूक होता. सगळी माहिती पुसून टाकणं सोपं, पण त्यात छायाचित्रकाराचं नाव आणि हक्कांची नोंदही जाते. अभ्यासकांनी फोटो विनामोबदला दिले होते. त्यांचं नाव फाइलमध्ये राहावं ही त्यांची एकमेव अपेक्षा होती. शिवाय रंगाचं प्रोफाइलही, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे ती नोंदही, अशा सरसकट पुसण्यात जाऊ शकतं. म्हणून क्रम असा ठरला: आधी दिशेच्या खुणेप्रमाणे फोटो खरोखर फिरवून घ्यायचा, मग रंग बदलून घ्यायचे, मग ठिकाण, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि आत दडलेलं लघुचित्र काढायचं, नाव आणि हक्क ठेवायचे. लघुचित्र विसरायचं नाही, कारण मूळ फोटो क्रॉप केला तरी ते कधी कधी जुनंच राहतं आणि कापलेला भाग त्यात दिसतो. माहिती निवडून काढण्याचं हे शेवटचं काम एक्झिफटूल या मोफत साधनाने एका आज्ञेत करता येतं, आणि ती आज्ञा लिहून भिंतीवर लावली गेली.

हिरव्या भुंगेऱ्यांचा मळकटपणाही याच वाटेवर उलगडला. छायाचित्रकाराचा कॅमेरा अॅडोबी आरजीबी या रंगक्षेत्रावर, म्हणजे रंगांच्या एका ठरलेल्या कक्षेवर, ठेवलेला होता. त्यातला लाल आणि निळा टोकबिंदू वेबवर नेहमी चालणाऱ्या एसआरजीबीसारखेच, हिरवा मात्र बराच पुढे. प्रोफाइल जोडलेलं असेल तर ब्राउझर रंग नीट बसवतो. प्रोफाइल पुसलं गेलं की तो आकडे एसआरजीबीचेच समजतो आणि हिरवा रंग निस्तेज होतो. डिझायनरला ही गोष्ट सगळ्यात लवकर कळली. छपाईत पडद्याच्या आरजीबीवरून शाईच्या सीएमवायकेला जाताना तिने हेच दुःख वेगळ्या रूपात पाहिलं होतं. आधी एसआरजीबीत रूपांतर, मग प्रोफाइल जोडून ठेवणं, असा नियम झाला. सीएमवायकेमध्ये पडलेले जुने फोटोही याच वाटेने बाहेर आले.

आणि आता, सगळ्यात शेवटी, क्वालिटी. लांबी-रुंदी बरोबर, रंग बरोबर, लहान केल्यावर आलेला मऊपणा हलक्या शार्पनने सावरलेला. मग काटा हलवायचा आणि चित्र १०० टक्के आकारात पाहायचं. या आकड्यांना टक्के समजू नये, आणि एका सॉफ्टवेअरचे ७० दुसऱ्याचे ७० नसतात, हे दोन सॉफ्टवेअरमधून तोच फोटो काढल्यावर दिसलं. परिसराच्या फोटोंना एव्हीआयएफ हा नवा फॉरमॅट मानवला, खूप हलकं होऊनही आकाशात पट्टे आले नाहीत. फुलपाखरांच्या पंखांवरच्या खवल्यांचं मात्र त्याने कमी वजनात लोणी केलं. बारीक पोत गुळगुळीत झाला. तो पोत पाहायलाच अभ्यासक येणार होते. नमुन्यांच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी जेपेग ठेवलं, रंगाची माहिती अर्धी न करता, क्वालिटी ८५ च्या आसपास. वजन जास्त गेलं, ते मुद्दाम जाऊ दिलं.

पानावर लावताना प्रोग्रामर आणि डिझायनर पहिल्यांदा एकत्र बसले. सोर्ससेटमध्ये, म्हणजे ब्राउझरला निवडीसाठी दिलेल्या फाइलींच्या यादीत, तिन्ही रुंदी दिलेल्या असूनही छोट्या जाळीतल्या २४० पिक्सेलच्या चित्रासाठी ब्राउझर १४४० ची फाइल ओढत होता. साइझेस (चित्र पानावर किती रुंद दिसेल ते) लिहायचं राहिलं होतं; ते नसेल तर ब्राउझर धरून चालतो की चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे. ते लिहिलं आणि योग्य फाइल उतरू लागली. प्रत्येक इमेज टॅगला रुंदी-उंची दिली, तेव्हा ब्राउझर चित्र येण्याआधीच जागा राखू लागला आणि ओळी उड्या मारायच्या थांबल्या. खालच्या चित्रांना लेझी लोडिंग लावलं, म्हणजे वाचक जवळ आला की मगच ती उतरतात. तेच वरच्या मुख्य चित्रालाही लागलं होतं, त्यामुळे वाचकाला पहिलं दिसायचं तेच उशिरा येत होतं, तिथून काढलं.

सूचनांची चित्रं काढूनच टाकली. अक्षरं मजकूर म्हणून आली, मागे फोटो, दोघांमधला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. प्रत्येक फोटोचं पर्यायी वर्णन (स्क्रीन रीडर वाचतो ते) अभिरक्षकांनी स्वतः लिहिलं. 'फुलपाखराचा फोटो' असं न लिहिता कोणत्या बाजूने, काय दिसतं ते लिहिलं, आणि त्या वर्णनांमुळे साइट वाचायलाही छान झाली.

निकाल

उद्घाटनाला एकच विभाग होता, पण साध्या फोनवरही तो अडखळत नव्हता. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसू लागलं, जी गूगलच्या मापदंडात चांगली मानलेली मर्यादा आहे. सात-आठ एमबीच्या फोटोंच्या जागी फोनला शे-दीडशे केबीच्या फाइली मिळत होत्या. नमुन्यांचे जवळचे फोटो याहून जड राहिले.

एक तक्रार आली ती अनपेक्षित. फोटो उतरवून छापू पाहणाऱ्यांना एव्हीआयएफ फाइल उघडता येत नव्हती, आणि १४४० पिक्सेल छपाईला पुरत नव्हते. त्यासाठी प्रत्येक फोटोखाली वेगळी, मोठ्या जेपेगची जोडणी दिली. तीही ठिकाण काढलेली.

चमकणाऱ्या भुंगेऱ्यांचा रंग प्रत्येक पडद्यावर थोडा वेगळा दिसतो, तो सुटला नाही. त्यांचा रंग पाहण्याच्या कोनावर बदलतो, एका फोटोत तो मावणारच नव्हता. अभिरक्षकांनी तीन कोनांतले तीन फोटो आणि शेजारी रंगपट्टी, असा मार्ग स्वीकारला.

उरलेले विभाग नंतर आपोआप चालणाऱ्या सेवेतून गेले. पण त्या सेवेला पाच प्रकारांसाठी पाच वेगळ्या कृती दिल्या होत्या, आणि त्या डिझायनरने लिहिल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

एक्झिफची तपासणी अगदी पहिल्या दिवशी, चाचणी साइट उघडी करण्याआधी व्हायला हवी होती. वजनाचा दोष उशिरा सापडला तर पान मंद चालतं; उघड झालेलं ठिकाण परत झाकता येत नाही. पुढच्या प्रकल्पात ही अट फोटो देणाऱ्यांपाशीच जावी: रानातल्या फोटोंसाठी ठिकाण बंद ठेवा, आणि ठिकाणाची नोंद संग्रहालयाकडे वेगळ्या कागदावर द्या. अभ्यासाला ती नोंद लागतेच, ती फोटोतून सांडू नये इतकंच.

डिझायनर आणि प्रोग्रामर एकत्र बसायला उशीर झाला. पानाची मापं, साइझेस, लेझी लोडिंग, फाइलींची नावं, हे सगळं दोघांच्या मधल्या भागात पडत होतं आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याचं काम वाटत होतं. फाइलींच्या नावांतल्या मोकळ्या जागा आणि मोठी-लहान अक्षरं यांनी तुटलेले दुवे शोधण्यात गेलेला वेळ एका तासाच्या बैठकीत वाचला असता.

मूळ फाइली जपण्याबाबतही सुरुवातीला शिस्त नव्हती. काही फोटोंची मूळ प्रत सापडलीच नाही; क्वालिटी ३० वर जतन केलेलं जेपेगच उरलं होतं. प्रत्येक वेळी जतन करताना जेपेग आणखी काही गाळतं, आणि गाळलेलं कोणत्याही साधनाने परत येत नाही. ते नमुने पुन्हा बाहेर काढून त्यांचे फोटो घ्यावे लागले, आणि जुन्या, ठिसूळ पंखांसाठी प्रत्येक हाताळणी जोखमीची असते. मास्टर फाइली वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा नियम नंतर झाला.

उद्घाटनाची तारीख पुढे ढकलायला हवी होती का, यावर अजूनही आमच्यात मतभेद आहेत. अभिरक्षकांना वाटतं की पूर्ण संग्रह एकदम आला असता तर लोकांवर ठसा उमटला असता. डिझायनरला वाटतं की एका विभागाने तिला शिकायला जागा दिली. मी तिच्या बाजूचा आहे. एक नकाशा, एक भुंगेरा आणि एक शाईचं चित्र शेवटपर्यंत नेल्यावर तिने उरलेल्या शेकडो फाइलींच्या कृती स्वतः लिहिल्या, आणि नव्या माणसाला त्या समजावून सांगण्याचं काम आता तीच करते.